चित्राचा जामीनदार

सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्ट या संस्थेच्या लिलावात वासुदेव संतू गायतोंडे यांचे १९७० साली रंगविलेले एक चित्र ६७ कोटी रुपयांस विकले गेले. ती बातमी वृत्तपत्रांतून वऱ्हाडच्या गावोगावी पोहोचली, तेव्हा ती वाचणाऱ्या पुष्कळांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो अडाणीपणाचा खचित नव्हता. ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, देवदेवता नाही, ज्याला चित्रकाराने नावसुद्धा दिलेले नाही, त्याचे एवढे मोल कोणी ठरविले, कशाच्या आधारावर ठरविले, आणि ज्याने ते रंगविले त्याच्या पदरात त्यातले किती पडले, असा तो त्रिविध प्रश्न होय. गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला, तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा विदर्भातील माणसास इतरांपेक्षा अंमळ अधिकच हक्क पोहोचतो. तिसऱ्या अंगाचे उत्तर थोडक्यात देता येते: काही पडले नाही, ते २००१ साली वारले, आणि हयात असते तरी प्रचलित वहिवाटीप्रमाणे बहुधा काही पडले नसते. पहिल्या दोहोंचे उत्तर मात्र सावकाशीने द्यावे लागेल, कारण ते चित्रांचा व्यापार करणाऱ्या खाजगी गॅलऱ्या आणि त्या चालविणारी माणसे यांच्या इतिहासातून जाते. आणि त्या इतिहासाची मराठीत जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घाटंजीच्या बाजार आवारात दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या लागतात, तेव्हा भाव कसा निघतो हे येथल्या शाळकरी पोरासही ठाऊक असते. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतल्या थरातला कापूस बाहेर काढतो, कारण वरच्या थरावर त्याचा भरवसा नसतो. दोन्ही हातांच्या चिमटीत पुंजका धरून तो हलकेच ओढतो, तुटलेल्या धाग्याची लांबी नजरेने अजमावतो, ओल किती, कचरा किती, कवडी किती हे पाहतो, आणि मग बोली सुरू होते. सरकारच्या एकाधिकार खरेदीच्या काळात हेच काम ग्रेडर करीत असे, आणि त्याने लावलेल्या प्रतीवरून शेतकऱ्याचे त्याच्याशी कितीही कडाक्याचे भांडण झाले, तरी ते भांडण ज्यावरून चाले ती वस्तू दोघांच्याही हातात असे: धागा लांब आहे की आखूड, कापूस वाळलेला आहे की ओला. पहिल्या वेचणीचा माल आणि फरदड यांतला फरक डोळ्यांना दिसतो, बोटांना कळतो आणि शेवटी जिनिंगमध्ये रुईच्या उताऱ्यात सिद्ध होतो.

चित्राच्या बाबतीत असा कोणताही काटा उपलब्ध नाही. कॅनव्हास आणि रंग यांची किंमत काही हजारांत येते. चित्रकाराचे श्रम तासांवर मोजावेत, तर एखादे निकृष्ट चित्र महिनोन् महिने घेते आणि एखादे श्रेष्ठ चित्र एका बैठकीत उतरते. आकार पाहावा, तर तळहाताएवढी कलाकृती भिंतभर चित्राहून महाग असू शकते. नव्या चित्रकाराच्या पहिल्या चित्राला तर मागील भावाचाही दाखला नसतो. अशा स्थितीत ग्राहक ज्याच्यावर विसंबून पैसे मोजतो तो असतो एका तिऱ्हाइताचा शब्द: हा मनुष्य चित्रकार म्हणून टिकेल, याचे काम वीस वर्षांनीही पाहण्यासारखे राहील, आणि तोपर्यंत मी येथेच आहे. गॅलरीचा मालक विकतो ते चित्र, पण मोल घेतो ते पुष्कळ अंशी या जामीनकीचे.

मुंबईत असा जामीनदार उदयास येण्यास बराच काळ लागला. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांतील पदके हीच दीर्घकाळपर्यंत चित्रकाराची सनद समजली जात असे. पदक मिळाले की संस्थानिकांकडून किंवा धनिकांकडून व्यक्तिचित्रांची कामे येत, आणि चित्रकाराचा चरितार्थ चाले. ही पद्धत जोवर चित्रकार ग्राहकाच्या मागणीबरहुकूम रंगवीत होता तोवर पुरेशी होती. परंतु १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप स्थापन केला आणि कोणी मागितलेले नाही असे चित्र रंगविण्याचा निश्चय केला, तेव्हा ते विकत घेणारा कोठून आणावयाचा हा प्रश्न प्रथमच तीव्रतेने उपस्थित झाला. संस्थाने तर त्याच सुमारास विलीन होत होती.

त्या वेळी या तरुणांना हात देणाऱ्यांत नाझी राजवटीमुळे मायदेशास मुकलेले तीन युरोपीय गृहस्थ होते: टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, त्याच पत्रात कलासमीक्षा लिहिणारे रुडॉल्फ फॉन लायडन, आणि औषधांचा कारखाना काढून स्थिरावलेले संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. एकाने शिकविले, एकाने लिहिले, एकाने विकत घेतले. यांच्या जोडीला होते केकू गांधी, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

केकू गांधी हे १९२० साली जन्मलेले पारशी गृहस्थ. केंब्रिजला शिकत असता ते मुंबईस आले, महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. चित्रांच्या चौकटींच्या धंद्यातील रॉजर व्हान डाम या बेल्जियन गृहस्थाशी त्यांचा परिचय झाला आणि त्यातून १९४१ च्या सुमारास चौकटीच्या पट्ट्या तयार करण्याचा कारखाना निघाला. केमिकल मोल्डिंग या दोन शब्दांचा संकोच होऊन त्याचे नाव पडले केमोल्ड. म्हणजे आधुनिक भारतीय चित्रकलेच्या व्यापाराचा एक प्रमुख प्रवाह चौकटीच्या दुकानातून निघाला आहे. चौकटीच्या दुकानात रिकामी चौकट टांगून ठेवण्यापेक्षा तिच्यात काहीतरी बसविलेले बरे, म्हणून गांधींनी आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रे दर्शनी खिडकीत लावण्यास आरंभ केला. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आपापल्या कामास जाणाऱ्या लोकांनी ती पाहिली, काहींनी आत येऊन चौकशी केली, कोणी चौकट घ्यावयास आला आणि चित्र घेऊन गेला. आज ज्यांची नावे सर्वतोमुखी आहेत त्या चित्रकारांना त्या काळी अशा खिडकीचेसुद्धा मोल होते, ही गोष्ट त्यांच्या आजच्या किमती वाचताना अवश्य ध्यानात ठेवावी.

१९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत पुत्राच्या नावे, काळा घोडा परिसरात जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. मराठी माणसास गॅलरी म्हटले की हीच आठवते, आणि येथेच एक मोठा घोटाळा संभवतो, तो निवारणे आवश्यक आहे. जहांगीर ही सार्वजनिक न्यासाची वास्तू असून ती चित्रकारास दालन भाड्याने देते. चित्रकार अर्ज करतो, निवड समिती त्याचे काम पाहते, आणि मंजुरी मिळाली तरी तारीख येण्यास कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. मंगळवारी प्रदर्शन लागते, सोमवारी उतरते. त्या एका आठवड्यात चित्रांची ने-आण, चौकटी, निमंत्रणपत्रिका, सूचिपत्र, मुंबईतील मुक्काम या सर्वांचा खर्च चित्रकाराच्या शिरावर असतो. विक्री झाली तर लेबलावर लाल टिकली लागते, न झाली तर चित्रे पुन्हा गुंडाळून आली त्या वाटेने घरी न्यावी लागतात. विदर्भातून जाणाऱ्या चित्रकारास हा मामला किती जड पडतो हे सांगावयास नको. तरीही जहांगीरचे उपकार मोठे आहेत, कारण तेथे कोणाचीही ओळख नसलेला मनुष्य भिंत मिळवू शकतो, आणि रस्त्यावरून चालणारा कोणीही विनामूल्य आत शिरू शकतो. मात्र आठवडा सरला की ती भिंत दुसऱ्याची होते. त्या चित्रकाराचे पुढे काय झाले हे पाहण्याची जबाबदारी तिच्यावर नाही. व्यापारी गॅलरीचे काम नेमके तेथून सुरू होते.

१९६३ हे वर्ष या दृष्टीने संस्मरणीय ठरते. त्या वर्षी केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली, आणि त्याच वर्षी काली पंडोल यांनी फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल आर्ट गॅलरी सुरू केली. त्यापूर्वी १९५९ मध्ये बाळ छाबडा यांनी गॅलरी ५९ काढून पाहिली होती. दिल्लीत तर धूमिमल हे नाव १९३६ पासून चालत आलेले होते. पण मुंबईत चित्रकार आणि दुकानदार यांचे नाते पिढीजात टिकले ते केमोल्ड आणि पंडोल या दोन ठिकाणी. केमोल्डने १९६५ साली बडोद्याच्या एका हिशेबनिसाचे पहिले प्रदर्शन भरविले. त्या हिशेबनिसाचे नाव भूपेन खख्खर. १९८८ पासून गांधींची कन्या शिरीन यांनी कारभार हाती घेतला आणि २००७ साली गॅलरी फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर नेली.

आता हा व्यवहार आतून कसा चालतो ते पाहू. चित्रकार गॅलरीकडे चित्र देतो तेव्हा सहसा विक्री झालेली नसते; चित्र विक्रीसाठी हवाली केलेले असते आणि मालकी चित्रकाराचीच राहते. विक्री झाली की किमतीचा ठरलेला हिस्सा, एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत, गॅलरी ठेवून घेते. निम्मा हिस्सा हे प्रथमदर्शनी कोणासही अन्यायाचे वाटेल, आणि कित्येक ठिकाणी तो तसा असतोही; पण प्रामाणिक गॅलरी त्यातून जागेचे भाडे, नोकरवर्ग, विमा, सूचिपत्राची छपाई, समीक्षकांकडून लिहून घेतलेले लेख, दूरदेशीच्या कलामेळ्यांतील गाळ्याचे शुल्क हे सर्व भागविते, आणि ज्या वर्षी एकही चित्र विकले जात नाही त्या वर्षीही चित्रकारास सोडीत नाही. या शेवटल्या कसोटीवर गॅलरीची परीक्षा करावी असे मला वाटते. कापसाचा अडत्या माल आला की अडत घेतो आणि हिशेब पुरा होतो. चित्राच्या अडत्याने मालाला गिऱ्हाईक नसताना तो सांभाळावयाचा असतो.

किंमत ठरविण्याचीही एक रूढ रीत आहे. नव्या चित्रकाराची किंमत त्याच्या बरोबरीच्या इतरांच्या बेताने लावली जाते, आकाराप्रमाणे तिची श्रेणी पडते, आणि पुढे प्रदर्शनागणिक ती थोडी थोडी वाढविली जाते. ती उतरवावयाची मात्र नाही, असा या व्यापाराचा अलिखित दंडक आहे. कारण एकदा भाव उतरला की यापूर्वी ज्यांनी अधिक मोजले त्या सर्वांना दिलेला शब्द खोटा पडतो. म्हणूनच मंदीच्या काळात गॅलऱ्या भाव पाडण्याऐवजी चित्र आत ठेवून घेतात, किंवा एखाद्या संग्रहालयास गुपचूप सवलत देतात. म्हणूनच, हातात पैसे घेऊन आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकास चित्र देण्याआधी काही मालक त्याची चौकशी करतात, हे ऐकून बाहेरच्या माणसास आश्चर्य वाटते. त्यांना भय असते ते लिलावाचे: आज नेलेले चित्र गिऱ्हाइकाने सहा महिन्यांत लिलावात घातले आणि तेथे बोली चढली नाही, तर चित्रकाराची दहा वर्षांची उभारणी एका सायंकाळी ढासळू शकते.

चित्रकाराची जामीनकी घेण्याची ही रीत आपल्याकडे पॅरिसहून आली, असे म्हटल्यास चालेल. पॉल द्युराँ-र्युएल यांनी १८७२ साली माने यांची २३ चित्रे एकदम विकत घेतली आणि मोने, पिसारो, रन्वार यांस वर्षानुवर्षे आगाऊ रकमा दिल्या; १८८२ च्या बँकबुडीत ते दिवाळखोरीच्या काठावर आले, आणि १८८६ साली चित्रांनी भरलेल्या पेट्या न्यूयॉर्कला नेल्यावर अमेरिकन गिऱ्हाइकांनी त्यांस तारले. १९०७ साली दुकान घालणाऱ्या कानवायलर यांनी पिकासो आणि ब्राक यांच्याशी लेखी करार केले. पुढे महायुद्धात ते जर्मन म्हणून शत्रुपक्षीय ठरले, फ्रेंच सरकारने त्यांचा सारा माल जप्त केला आणि १९२१ ते १९२३ या काळात चार लिलावांत मातीमोलाने विकला. जामीनदारावरच जप्ती आली म्हणजे किमतींचे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. न्यूयॉर्कच्या लिओ कास्तेल्ली यांनी १९५७ नंतर आपल्या चित्रकारांना दरमहा ठराविक रक्कम देण्याची चाल पाडली.

प्रोग्रेसिव्ह मंडळींतल्या दोघांनी हे मर्म लवकर ओळखले. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले आणि १९५५ साली व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या गॅलरी वनने त्यांचे प्रदर्शन भरवून त्यांस उजेडात आणले. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले, आणि तेथल्या लारा व्हिन्सी गॅलरीने त्यांचे काम अनेक वर्षे सांभाळले. आता याच सहा जणांतील हरि अंबादास गाडे यांच्याकडे वळू. हे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे, १९१७ साली जन्मलेले, विज्ञानाचे पदवीधर, रझांप्रमाणेच नागपूरच्या कलाशाळेतून आलेले. रंगांच्या बाबतीत त्यांची बुद्धी इतकी निर्भय होती की, त्यांची निसर्गचित्रे आजही पाहणाऱ्यास थबकवितात. परंतु त्यांच्या पाठीशी पॅरिस-लंडनचा कोणी दुकानदार उभा राहिला नाही, आणि लिलावांच्या बातम्यांत रझा-हुसेनांच्या शेजारी त्यांचे नाव क्वचितच आढळते. गुणांतील अंतर हे याचे सर्वस्वी कारण आहे, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. चित्रांची निगा राखणारा, त्यांची यादी ठेवणारा, विस्मरणाच्या काळात ती पुन्हापुन्हा लोकांपुढे मांडणारा मनुष्य लाभणे हाही कलेच्या नशिबाचा मोठा भाग आहे, आणि वऱ्हाडच्या या पुत्रास तो भाग पुरेसा लाभला नाही.

गायतोंडे यांचे उदाहरण याच्या उलट आहे, आणि तेवढेच बोधप्रद. गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतलेला, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन आलेला आणि १९७२ नंतर दिल्लीत निजामुद्दीनच्या एका खोलीत एकांतात राहिलेला हा चित्रकार वर्षास फार तर पाच-सहा कॅनव्हास पुरे करी. रंगाचे थर रुळाने आणि सुरीने चढवावयाचे, काही खरवडून काढावयाचे, कागदाचे कपटे दाबून रंग उचलावयाचा, आणि मधले पुष्कळसे दिवस नुसते पाहत बसावयाचे, अशी त्यांची कार्यपद्धती होती. १९८४ च्या अपघातानंतर तर काही वर्षे त्यांनी मोठे चित्र हाती घेतलेच नाही. एवढ्या अल्प मालावर कोणताही व्यापार चालत नाही. तरी पंडोल गॅलरीने त्यांच्या मंद गतीस कधी घाई केली नाही आणि वर्षानुवर्षे त्यांची प्रदर्शने भरविली. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात केला, तेव्हा गायतोंड्यांचे १९७९ चे चित्र २३ कोटी ७० लाखांस गेले. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे समग्र प्रदर्शन उघडले. त्या ताजमधील लिलावात केकू आणि खोर्शेद गांधी यांच्या घरच्या संग्रहातील चित्रेही होती. केकू आदल्या वर्षी वारले होते, आणि एके काळी दुकानाच्या खिडकीतून जगापुढे आलेली ती पिढी आता झुंबरांखाली बोलीस चढत होती.

लिलाव हा दुसऱ्या हाताचा बाजार होय. गॅलरीत चित्र प्रथम विकले जाते तेव्हा चित्रकारास वाटा मिळतो; त्यापुढे ते मालकाकडून मालकाकडे जाते, आणि भाव कितीही चढला तरी तो विकणाऱ्याचा आणि लिलावसंस्थेचा. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे विस्तीर्ण चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांस विकले गेले. ते १९५४ साली दिल्लीत वैद्यकीय कार्यासाठी आलेल्या लिऑन वोलोदार्स्की या नॉर्वेच्या डॉक्टराने घेतले होते आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयास दिले होते. तेथल्या भिंतीवर ते अनेक दशके होते. विक्रीचा पैसा डॉक्टरांच्या शिक्षणाकडे गेला, हे उत्तमच झाले, परंतु वहिवाटीप्रमाणे पाहता चित्रकाराच्या घरी त्यातला रुपयाही जाण्याचे कारण नव्हते.

आमच्या कायद्यात यावर एक तजवीज केलेली आहे, आणि ती किती थोड्यांना माहीत आहे! प्रताधिकार अधिनियम १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ घालण्यात आले. त्यान्वये चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित यांची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकली गेली, तर मूळ कर्त्यास अथवा त्याच्या कायदेशीर वारसांस त्या किमतीत हिस्सा मागता येतो; हिस्सा किती हे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवावयाचे असून तो दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही. फ्रान्समध्ये असा हक्क १९२० पासून आहे आणि तेथे तो वसूल करणाऱ्या संस्था आहेत. आपल्याकडे कलम आहे, पण वसुलीची यंत्रणा नाही. परिणामी ते पुस्तकातच राहिले आहे. सातबाऱ्यावरील वारसाची एक नोंद राहिली तर तहसील कचेरीचे उंबरठे झिजविणारे आपण लोक, चित्रकाराच्या वारसाच्या या हक्काबाबत इतके उदासीन का असावे, हे मला कळत नाही. चित्रकारांच्या संस्थांनी हा विषय धसास लावावयास हवा.

भाव चढले की लबाडीही चढते. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत रझा यांच्या आरंभीच्या कामाचे म्हणून एक प्रदर्शन मांडले गेले. वृद्ध रझा स्वतः तेथे गेले, भिंतीवरची चित्रे पाहिली, आणि ही आपली नव्हेत असे त्यांनी सांगितले. दोन वर्षांनी कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली चित्रे तपासाअंती नकली ठरली. रझा हयात होते म्हणून बोलू शकले. मृत चित्रकाराच्या वतीने बोलतात ते केवळ दस्तऐवज: पहिल्या विक्रीची पावती, प्रदर्शनाचे सूचिपत्र, चित्राच्या पाठीवर डकवलेली गॅलरीची चिठ्ठी, मालकीची अखंड साखळी. साठ वर्षांपूर्वीच्या गॅलरीने नेटकी ठेवलेली वही आज कोट्यवधींचा निवाडा करते, आणि ज्या चित्रकाराच्या मागे अशी वही नाही त्याचे खरे चित्रही संशयित ठरते.

येथवरचे सारे विवेचन शहरांतील शिक्षित चित्रकारांचे झाले. घाटंजी तालुक्याच्या पोडांवर, म्हणजे आपल्या वस्त्यांवर, राहणारे कोलाम बांधव बांबूच्या टोपल्या विणतात, आठवडी बाजारात त्या विकल्या जातात, आणि विणणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या भिंतीवरल्या पांढऱ्या आकृतींचीही एके काळी हीच गत होती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी कामगिरीवर डहाणूकडे गेले, वारली पाड्यांत राहिले, आणि त्यांनी कागद व रंग तेथे नेले. जिव्या सोमा मशे यांचा हात त्यांनी ओळखला. १९७५ साली केमोल्डने मशे यांच्या कामाचे प्रदर्शन भरविले. एका आदिवासी चित्रकाराचे नाव लेबलावर छापून, शहरातील इतर चित्रकारांच्याच रांगेत त्याचे काम लावले गेले. १९८९ मध्ये मशे यांची चित्रे पॅरिसच्या एका मोठ्या जागतिक प्रदर्शनात होती, आणि २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. मात्र ज्यांची नावे लेबलावर आली नाहीत त्या शेकडो वारली स्त्रियांचे, ज्या लग्नाचा चौक पूर्वापार लिहीत आल्या, काय झाले, हा प्रश्न उरतोच. वारली आकृती आज चहाच्या पेल्यांवर आणि रिक्षांवर छापल्या जातात, आणि त्यापैकी बहुतेकांचा मोबदला त्या स्त्रियांपर्यंत जात नाही. गॅलरी एका माणसाचे नाव उभे करू शकते. समाजाच्या सामायिक कलेची जामीनकी तिला साधलेली नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना आमच्या तालुक्यांतून दरवर्षी मुले बसतात. त्यांतील कोणी नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात जातील, कोणी जे. जे. पर्यंत पोहोचतील. त्यांच्या पालकांना आणि कलाशिक्षकांना काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. मुंबईची गॅलरी नव्या चित्रकाराचे एखाददुसरे चित्र पाहून निर्णय करीत नाही. तीन-चार वर्षांचे सलग काम एकत्र पाहावयास मागते, आणि शिफारशीपेक्षा दुसऱ्या चित्रकाराच्या तोंडून आलेल्या नावावर तिचा अधिक विश्वास असतो. जो दलाल आधी पैसे भरून घेऊन प्रदर्शन लावून देतो, त्याचा लाभ चित्र विकण्याआधीच पदरात पडलेला असतो, म्हणून त्याच्यापासून सावध राहावे. चित्र कोणाच्याही हवाली करताना लेखी पावती घ्यावी, आणि तीत चित्राचे माप, माध्यम, वर्ष, अपेक्षित किंमत, विक्रीनंतरचा हिस्सा, पैसे किती दिवसांत द्यावयाचे आणि न विकल्यास चित्र कोणत्या तारखेपर्यंत व कोणाच्या खर्चाने परत करावयाचे, हे सर्व नमूद असावे. प्रत्येक चित्राचे उजेडात काढलेले छायाचित्र, पाठीवरच्या सहीसह, जपून ठेवावे. आणि एक जाड, बांधणीची वही करावी: डाव्या रकान्यात अनुक्रमांक, मग शीर्षक, माप, रंग-माध्यम, पूर्ण केल्याची तारीख, कोठे दाखविले, कोणी घेतले, किती रुपयांस, आणि शेवटला रुंद रकाना मोकळा, त्या चित्राचे पुढे जे जे होईल ते लिहिण्याकरिता. अशी वही पहिल्या दिवसापासून ठेवण्याचा शिरस्ता शाळेतच पाडता येईल.